नवापूर २००६: कोंबड्यांची साथ माणसांपर्यंत का पोहोचली नाही?

भारतात बर्ड फ्लूचा पहिला उद्रेक जाहीर झाला तो खान्देशात. नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरच्या मेलेल्या कोंबड्यांमध्ये एच५एन१ विषाणू असल्याचं भोपाळच्या उच्च सुरक्षा पशुरोग प्रयोगशाळेच्या तपासणीतून समोर आलं आणि १८ फेब्रुवारी २००६ रोजी ते जाहीर झालं. सीमेपलीकडच्या गुजरातच्या उच्छल तालुक्यातही रोग सापडला. मार्चमध्ये जळगाव जिल्ह्यातल्या काही गावांत, पाठोपाठ मध्य प्रदेशातल्या बऱ्हाणपूर जिल्ह्यात. कोंबड्या लाखांच्या हिशेबात मारून पुरल्या गेल्या. एवढं सगळं होऊन बाधित माणूस एकही आढळला नाही.

हे प्रकरण सहसा प्रशासनाच्या यशाची गोष्ट म्हणून सांगतात. मला ते अर्धंच पटतं. कारण त्याच सुमारास, त्याच कुळातल्या विषाणूने तुर्कस्तानात मुलं दगावली होती. मग नवापूरला शून्य कसा आला? विषाणूच्या घडणीमुळे, कोंबड्या पाळायच्या पद्धतीमुळे, की खरंच बंदोबस्तामुळे? हा शून्य सोडवून पाहिला की फ्लू माणसात शिरतो कसा, कुठे अडतो आणि कुणाला मारतो, हे एखाद्या रुग्णाच्या केसपेपरपेक्षा जास्त स्पष्ट कळतं.

गाव आणि धंदा

नवापूर म्हणजे खान्देशाचं पश्चिमेकडचं टोक. सुरत-भुसावळ लोहमार्गावरचं इथलं स्टेशन अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातमध्ये. सुरत-धुळे महामार्ग गावाजवळून जातो. अंड्यांच्या धंद्याला याहून सोयीची जागा शोधून सापडायची नाही. एका बाजूला सुरतसारखी बाजारपेठ, दुसऱ्या बाजूला खाद्यासाठी लागणारा खान्देशातला मका. त्यामुळे इथे लेयर कोंबड्यांच्या मोठमोठ्या पोल्ट्री उभ्या राहिल्या. पिंजऱ्यांच्या रांगा, खाली विष्ठेचा थर, रोज भरणारे अंड्यांचे ट्रे, रोज येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या.

पण तालुक्यात कोंबडीचं आणखी एक जग आहे. मावची, कोकणी, भिल्ल या आदिवासींच्या वस्त्यांमधल्या घरांत पाच-दहा गावठी कोंबड्या असतातच. त्या दिवसभर अंगणात, शेतात फिरतात, रात्री डालग्याखाली किंवा घरातच एका कोपऱ्यात. त्यांना लस नाही, खाद्याचा हिशेब नाही, मेली तर नोंद नाही. पाहुणा आला किंवा नवस फेडायचा असला की त्यातलीच एक कापायची. शेडमधली आणि अंगणातली अशी ही दोन जगं शेजारी असली तरी विषाणूच्या दृष्टीने फार वेगळी आहेत. या प्रकरणाचं मर्म त्या फरकात आहे, म्हणून ते आधीच सांगून ठेवलं.

मानमोडीचा संशय

मरतूक सुरू झाली ती जानेवारीच्या अखेरीस. सुरुवातीला सगळ्यांनी ती राणीखेत, म्हणजे मानमोडी समजली. या समजुतीत मूर्खपणा काही नव्हता. अचानक मरतूक, हिरवट हगवण, मान टाकणं, सुजलेलं डोकं ही लक्षणं दोन्ही रोगांत येतात. मानमोडी पोल्ट्रीवाल्यांना पिढ्यानपिढ्या माहीत असलेला रोग आहे आणि बर्ड फ्लू देशात तोवर एकदाही नोंदला गेला नव्हता. कधीच न पाहिलेला रोग पहिल्या नजरेत ओळखणं कुणाही डॉक्टरला जमत नाही, जनावरांच्या किंवा माणसांच्या.

तरीही एक खूण होती. व्यापारी पोल्ट्रीत मानमोडीची लस ठरलेल्या वेळापत्रकाने दिली जाते. लस दिलेल्या शेडमध्ये दोन-तीन दिवसांत ढीगच्या ढीग मरायला लागले, तर 'लस फसली असेल' यापुढे जाऊन विचार व्हायला हवा. शेडमधली मरतूक रोजच्या सरासरीच्या किती पट झाली की नमुना पाठवायचा, असा आकडा आधीच ठरलेला असेल तर हा निर्णय कुणाच्या अंदाजावर राहत नाही. नवापूरच्या वेळी तसं काही रुळलेलं नव्हतं.

त्या तीन आठवड्यांत काय होऊ शकतं? ट्रे एका पोल्ट्रीतून दुसरीत जातात. कोंबडीखत शेतात जातं. आजारी वाटणाऱ्या कोंबड्या पडेल भावात विकल्या जातात. यात पोल्ट्रीवाल्याला खलनायक ठरवणं सोपं आहे, पण त्याच्या जागी उभं राहून पाहा. लेयर कोंबडी साधारण अठरा-वीस आठवड्यांची होईपर्यंत फक्त खाते, त्यानंतर वर्षभर अंडी देऊन तो खर्च फेडते. ऐन अंड्यावर आलेली शेड 'संशयित' म्हणून स्वतःहून कळवायची, म्हणजे कर्जासकट सगळं खड्ड्यात पुरायची तयारी ठेवायची. नुकसानभरपाई किती आणि किती दिवसांत मिळणार, हे कळवण्याआधी ठाऊक नसेल तर कळवणारा विरळाच. म्हणून भरपाईला मी साथनियंत्रणाचं साधन मानतो. तिला दयेचा भाग समजण्यात चूक आहे.

आणि स्थलांतरित पक्षी? उकाईचा जलाशय जवळच, त्यामुळे त्यांच्याकडे बोट लगेच जातं. २००५ साली चीनच्या छिंघाई सरोवरावर हजारो पक्षी याच कुळातल्या विषाणूने मेले होते आणि त्यांत हिवाळ्यात भारतात येणारे पट्टकादंबही होते, हे खरं. पण एका शेडमधून शेजारच्या शेडमध्ये विषाणू जातो तो माणसाच्या चपलेला, गाडीच्या चाकाला, अंड्याच्या ट्रेला लागून. बदकांना दोष दिला की ट्रे धुवायचा राहून जातो.

विषाणू शरीरात शिरतो कसा

इन्फ्लुएंझा ए विषाणूच्या पृष्ठभागावर दोन महत्त्वाची प्रथिनं असतात. हिमॅग्लुटिनिन, म्हणजे नावातलं 'एच', पेशीला चिकटण्याचं काम करतं. न्यूरामिनिडेज, म्हणजे 'एन', नव्याने तयार झालेले विषाणू पेशीपासून सुटे करतं. एच५एन१ किंवा एच१एन१ ही नावं या दोन प्रथिनांच्या प्रकारांवरून पडली आहेत. चिकटण्यासाठी पेशीवर सायलिक आम्ल नावाची साखर लागते. इथे खरी मेख आहे. ही साखर खालच्या साखळीला दोन तऱ्हांनी जोडलेली असते. पक्ष्यांच्या आतड्यांत आणि श्वासमार्गात एका जोडणीची, माणसाच्या नाक-घशात मुख्यतः दुसऱ्या जोडणीची. कुसळ सुती धोतराला चिकटतं आणि रेशमावरून घसरतं, तसं पक्ष्यांच्या फ्लूचं आपल्या नाकात होतं. विषाणू येतो, पण त्याला पकड मिळत नाही.

माणसात पक्ष्यांच्या जोडणीची साखर अजिबात नाही असं मात्र नाही. ती फुप्फुसांत अगदी खोल, वायुकोशांच्या पेशींवर असते. थोडी डोळ्यांच्या आतल्या पातळ आवरणावरही असते. यातून तीन गोष्टी निघतात. पहिली, एच५एन१ माणसाला होण्यासाठी विषाणूचा मोठा डोस फुप्फुसाच्या तळापर्यंत जावा लागतो. वाळलेल्या विष्ठेची धूळ, पिसांचा भुगा, फडफडणारी कोंबडी हातात धरून कापताना उडणारे थेंब, अशा वाटांनी. दुसरी, एकदा तो तिथे रुजला की थेट फुप्फुसावरच घाव घालतो. ताप आल्यावर काही दिवसांतच दम लागू लागतो. २००३ पासून जागतिक आरोग्य संघटनेकडे नोंदलेल्या ९०० हून अधिक रुग्णांपैकी जवळपास निम्मे दगावले ते यामुळे. तिसरी, खोल बसलेला विषाणू शिंकेतून, खोकल्यातून फारसा बाहेर पडत नाही, म्हणून एका माणसाकडून दुसऱ्याकडे सहजी जात नाही. बर्ड फ्लू क्वचित होतो आणि झाला तर जीवघेणा ठरतो. ही दोन्ही टोकं त्याच्या एकाच सवयीतून येतात.

कोंबडीचं वेगळं. एच५एन१ च्या घातक वाणात हिमॅग्लुटिनिनच्या एका ठिकाणी अमिनो आम्लांची अशी रचना असते की शरीरातल्या जवळपास कुठल्याही पेशीतलं विकर ते कापू शकतं, आणि ते कापलं गेल्याशिवाय विषाणू पेशीत शिरू शकत नाही. साध्या फ्लूच्या विषाणूला हे काम करणारी विकरं फक्त श्वासमार्गात आणि आतड्यात भेटतात. घातक वाणाला ती मेंदूत, हृदयात, स्नायूंत, सगळीकडे भेटतात. म्हणून तुरा निळा पडतो आणि सकाळी दाणे टिपणारी कोंबडी संध्याकाळी मरून पडते.

आता आपला नेहमीचा, दर पावसाळ्यात येणारा फ्लू याच्याशेजारी ठेवून पाहा. तो नाक-घशाच्या पेशींना मजेत चिकटतो. लागण झाल्यावर साधारण दोन दिवसांत लक्षणं दिसतात आणि त्याच्या आदल्या दिवसापासूनच रुग्ण इतरांना रोग देऊ लागतो. अंग मोडून येणं, थंडी वाजणं, डोळ्यांमागे ठणकणं हे बहुतांशी आपल्या प्रतिकारयंत्रणेने सोडलेल्या रसायनांचं काम असतं. विषाणू तिकडे श्वासनलिकेचं अस्तर सोलत असतो. कचरा वर ढकलणारे बारीक केस त्याच्यासोबत जातात आणि मग घशात गुपचूप राहणाऱ्या जिवाणूंना खाली उतरायला वाट मिळते. ताप उतरून दोन दिवस बरं वाटलं आणि पुन्हा ताप चढून दम लागला, तर जिवाणूंचा न्यूमोनिया झाल्याची शंका घ्यायलाच हवी. गरोदर बाई, पाच वर्षांखालचं मूल, पासष्टीपुढचा म्हातारा, मधुमेही, दमेकरी यांना धोका जास्त. नंदुरबारच्या आदिवासी पट्ट्यात या यादीत सिकलसेलचे रुग्ण वरच्या ओळीत लिहायला हवेत. ही रक्ताची आनुवंशिक व्याधी इथे मोठ्या प्रमाणावर आहे, आणि फ्लूचं निमित्त होऊन छातीत दुखणं, ऑक्सिजन घसरणं असं संकट त्यांच्यावर वेगाने ओढवू शकतं.

फेब्रुवारीतला खोकला

नवापूरला कोंबड्या मारण्याचं काम सुरू झालं आणि आरोग्य खात्यापुढे एक अवघड सवाल उभा राहिला. फेब्रुवारीत सर्दी-खोकला घरोघरी असतोच. मग संशयित कुणाला म्हणायचं? अशा वेळी नुसतं लक्षण पुरत नाही, लक्षणाला संपर्क जोडावा लागतो. ताप, खोकला किंवा घसा दुखणं आहे, आणि गेल्या काही दिवसांत आजारी किंवा मेलेल्या कोंबड्यांशी संबंध आला आहे, तो संशयित. कर्मचारी घरोघर फिरून अशी माणसं शोधत होते. काही जणांना नवापूरच्या रुग्णालयात वेगळं ठेवलं गेलं. नमुने पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेत आणि दिल्लीला तपासले गेले. एकही एच५एन१ पॉझिटिव्ह आला नाही.

कोंबड्या पकडणाऱ्यांना ऑसेल्टामिविर दिलं गेलं. हे औषध न्यूरामिनिडेजला अडवतं. पेशीत तयार झालेले विषाणू सुटत नाहीत, पुढची पेशी वाचते. उपचारासाठी ते दिवसातून दोनदा, प्रतिबंधासाठी एकदा. लक्षणं दिसल्यापासून ४८ तासांच्या आत सुरू केलं तर फायदा सर्वांत जास्त, कारण त्यानंतर विषाणूने आपलं बरंचसं काम उरकलेलं असतं. अंगभर प्लास्टिकचा पोशाख, मुखपट्टी, चष्मा, हातमोजे हा जामानिमा कागदावर उत्तम असतो. पण फेब्रुवारी सरताना नवापूरच्या भरदुपारी, पत्र्याच्या शेडमध्ये, फडफडणाऱ्या कोंबड्यांच्या मागे धावताना तो किती वेळ अंगावर राहतो हे कुणालाही समजेल. पाळ्या लहान ठेवणं, काम सकाळी उरकणं, पाणी प्यायला सावलीत स्वच्छ जागा देणं या गोष्टी पोशाखाइतक्याच महत्त्वाच्या. चष्म्याचा कंटाळा करणाऱ्यांसाठी एक उदाहरण: २००३ साली नेदरलँड्समध्ये एच७एन७ ची साथ कोंबड्यांत पसरली, तेव्हा ८९ माणसांना लागण झाली आणि बहुतेकांना त्रास झाला तो डोळे येण्याचा. एक पशुवैद्य मात्र न्यूमोनियाने दगावला.

सामान्य फ्लूवर नजर ठेवण्यामागे आणखी एक कारण होतं. फ्लूची जनुकं आठ सुट्या तुकड्यांत असतात. एकाच माणसाच्या एकाच पेशीत माणसाचा फ्लू आणि पक्ष्याचा फ्लू एकत्र आले तर तुकड्यांची अदलाबदल होऊन तिसराच विषाणू जन्मू शकतो, आपल्या नाकात चिकटणारा आणि आपल्या शरीराला अनोळखी. १९५७ आणि १९६८ च्या जागतिक साथी अशाच मिश्रणातून आल्या. म्हणून खोकणाऱ्या मजुराला शेडमध्ये न पाठवणं हे त्याच्या भल्याचं आहेच, बाकीच्यांच्याही भल्याचं आहे.

तुर्कस्तान, इजिप्त आणि जळगावची अंगणं

नवापूरला सापडलेला विषाणू छिंघाईच्या कुळातला, शास्त्रज्ञांच्या वर्गीकरणात २.२. जानेवारी २००६ मध्ये तुर्कस्तानात याच कुळाने १२ जणांना गाठलं, त्यातले ४ गेले. बहुतेक मुलं होती. कडाक्याच्या थंडीत कोंबड्या घरात घेतलेल्या, मरायला टेकलेल्या कोंबड्या घरीच कापलेल्या, मुलं त्यांच्याशी खेळलेली. इजिप्तमध्ये हेच कूळ त्याच वर्षी पोहोचलं आणि तिथेच ठाण मांडून बसलं. पुढच्या वर्षांत तिथे साडेतीनशेहून अधिक माणसं बाधित झाली. घरी कोंबड्या सांभाळणाऱ्या बाया आणि लहान मुलं त्यांत ठळक होती.

म्हणजे 'विषाणूच माणसात शिरू शकत नव्हता' हे उत्तर पुरेसं नाही. नवापूरला मुख्य फटका शेडमधल्या कोंबड्यांना बसला. तिथे हजारो कोंबड्यांमागे मोजकी माणसं असतात, मुलं शेडमध्ये खेळत नाहीत, मेलेली कोंबडी कुणी घरी सोलायला नेलीच तर ते अपवादाने. बाधित कोंबड्यांची संख्या प्रचंड, पण जवळून, रोज, उघड्या हाताने संपर्क येणारी माणसं थोडी. माझ्या मते शून्याचा मोठा वाटा इथला आहे. बंदोबस्ताने त्याला हातभार लावला. तो नसता तर विषाणू बाजारांतून गावोगावच्या डालग्यांखाली पोहोचला असता आणि मग संपर्काचं गणित उलटं झालं असतं.

मार्चमधला जळगाव जिल्ह्यातला उद्रेक त्या दृष्टीने जास्त धोक्याचा होता, जरी त्याची चर्चा नवापूरच्या पासंगालाही पुरली नाही. तिथल्या गावांत रोग सापडला तो परसातल्या कोंबड्यांत. दिवस होळीचे. सातपुड्याच्या पायथ्याला त्या आठवड्यात भोंगऱ्या बाजार भरतात, माणसं आणि कोंबडे दोन्ही गावोगाव फिरतात. शेडमधल्या कोंबड्या मोजता येतात. अंगणातल्या कोंबड्या मोजायला गेलं की त्या शेतात असतात, झाडावर असतात, नाहीतर पथक येतंय म्हटल्यावर नातेवाइकाच्या गावी गेलेल्या असतात. पाच कोंबड्या हीच ज्या बाईची हातात असलेली रोकड आहे, तिला 'देशाच्या हितासाठी दे' म्हणणं सोपं नाही. भरपाईची रक्कम त्याच जागी, त्याच दिवशी, तिच्याच हातात पडली तर काम होतं. तरीही जळगावात माणसाची लागण नोंदली गेली नाही. इथे मात्र बंदोबस्ताचं श्रेय मी हातचं न राखता देतो.

ऑगस्ट २००६ मध्ये भारताने स्वतःला या रोगातून मुक्त जाहीर केलं. वर्ष उलटायच्या सुमारास मणिपूरला तो पुन्हा सापडला, २००८ च्या सुरुवातीला पश्चिम बंगालमध्ये, तोही परसातल्या कोंबड्यांत मोठ्या प्रमाणावर.

भीतीचा हिशेब

नवापूरच्या बातमीनंतर देशभर चिकन आणि अंड्यांचे भाव कोसळले. शिजवलेल्या कोंबडीतून रोग होतो ही भीती निराधार होती. ७० अंश तापमानाला मांस आतपर्यंत शिजलं की विषाणू नष्ट होतो, आणि खान्देशी रस्सा ज्या उकळीला शिजतो त्यापुढे ७० अंश म्हणजे काहीच नाही. धोका ताटात नव्हता. तो कोंबडी कापण्याच्या, सोलण्याच्या, पिसं काढण्याच्या जागी होता, आणि नेमकं तेच लोकांपर्यंत नीट गेलं नाही. खाणाऱ्यांनी खाणं सोडलं. सोलणाऱ्यांना मात्र फारसं कुणी काही सांगितलं नाही.

याउलट तीनच वर्षांनी, ऑगस्ट २००९ मध्ये, पुण्यात स्वाइन फ्लूचा देशातला पहिला मृत्यू नोंदला गेला. तो एच१एन१ आपल्या नाक-घशात पकड घेणारा होता, म्हणून तो पोल्ट्रीच्या वर्तुळात अडला नाही आणि अडणारही नव्हता. २०१५ साली त्याने देशात सुमारे ४२ हजार नोंदलेले रुग्ण आणि जवळपास ३ हजार मृत्यू दिले. आज तोच विषाणू हंगामी फ्लू म्हणून दरवर्षी येतो आणि त्याच्यासाठी कुणी नाकाबंदी करत नाही. त्याच्यावरची लस दरवर्षी मिळते. नंदुरबारच्या किती गरोदर बायांना किंवा सिकलसेलच्या किती रुग्णांना ती कुणी सुचवते, हे त्यांनाच विचारून पाहावं.

नवापूरला बर्ड फ्लू फेब्रुवारी २०२१ मध्ये पुन्हा आला. पुन्हा लाखो कोंबड्या गेल्या. त्याच वर्षी जुलैत दिल्लीच्या एम्समध्ये हरियाणातला ११ वर्षांचा मुलगा दगावला आणि एच५एन१ ने माणूस गेल्याची भारतातली पहिली नोंद झाली. २००६ चा शून्य टिकला होता तो पंधरा वर्षं.

खान्देशातल्या एखाद्या प्राथमिक आरोग्य केंद्रात हिवाळ्यात ताप-खोकल्याचा रुग्ण आला की नाव, वय, गाव, किती दिवसांपासून ताप, एवढं लिहून गोळ्या दिल्या जातात. तिथे आणखी एक ओळ हवी: गेल्या दहा दिवसांत घरी, शेजारी किंवा कामाच्या जागी कोंबड्या मेल्या का, आणि त्या कुणी उचलल्या किंवा सोलल्या? विचारायला अर्धं मिनिट लागतं. उत्तर 'हो' आलं आणि दमही लागत असला, तर घशाचा नमुना घेणं, ऑसेल्टामिविर सुरू करणं आणि तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्याला फोन करणं, ही तिन्ही कामं त्याच तासात व्हायला हवीत, तपासणीच्या निकालाची वाट न पाहता.